शांत शाळेची शिक्षा

रविवार कसा घालवावा हे शिकवायला आम्हा शिक्षकांना रविवारीच बोलावलं होतं. शिरूरला, एका सभागृहात, सकाळी नऊ वाजता, उपस्थिती अनिवार्य. विषय होता 'सुट्टीच्या नियोजनातून तणावमुक्त आठवडा'.

मी ख्रिस्ती. रविवारी सकाळी आमच्या मंडळीची उपासना असते. सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी विसावा घे, अशी आम्हाला आज्ञाच आहे. ती देताना कार्यालयाचा अभिप्राय मागवलेला नसावा. उपासनेला येणार नाही म्हणून पाळकांना कळवलं, तर ते म्हणाले, "जा बाई, जा. तुमचा तणाव गेला तर मंडळीलाही बरं पडेल."

पुण्याहून आलेले तज्ज्ञ पस्तिशीचे होते. कडक इस्त्रीचा झब्बा, कानापासून तोंडापर्यंत आलेला माईक. पडद्यावर पहिलंच चित्र उमटलं: समुद्रकिनारी मांडी घालून, डोळे मिटून बसलेली एक बाई. माझ्या मागच्या रांगेतले एक गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "ही बाई कुठल्या केंद्रातली? हिला पोषण आहाराचं काम दिसत न्हाई." हशा झाला. तज्ज्ञही हसले, पण त्यांना कळलं काहीच नव्हतं.

"रविवारी मोबाईल बाजूला ठेवा," ते म्हणाले, "आणि दोन तास फक्त स्वतःला द्या."

त्याच क्षणी सभागृहातले सगळे मोबाईल एकदम वाजले. ग्रुपवर संदेश होता: प्रशिक्षणाचा फोटो आणि अभिप्राय दहा मिनिटांत लिंकवर भरावा, अतितात्काळ. सगळ्या माना खाली गेल्या. तज्ज्ञ बिचारे समुद्राकडच्या बाईशी एकटेच बोलत राहिले.

माझ्या शेजारी अश्विनी बसली होती. माझी सहशिक्षिका. वय सत्तावीस, म्हणजे माझ्या नोकरीएवढं. परभणीकडची मुलगी, भरतीत इकडं आली, पाबळला खोली घेऊन राहायची. तज्ज्ञांचं वाक्य न् वाक्य ती वहीत उतरवून घेत होती, मथळे लाल शाईनं. चहाच्या सुट्टीत तिनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढला.

"मॅडम, हे एकदा बघाल का? शुद्धलेखन तेवढं."

राजीनामा होता. समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखं, शेवटी 'आपली विश्वासू'.

"तारीख नाही घातली?" मी विचारलं.

"उद्याची घालणार आहे."

"दिवाळीनंतरची घाल. सुट्टी तरी पदरात पडेल. आणि 'मानसिक' मधला 'सि' ऱ्हस्व असतो."

ती रडेल असं वाटलं होतं. ती हसली. मग रडली. मी तिच्यासाठी आणखी एक चहा आणला. तिच्याबद्दल कळवळा आला म्हणून नव्हे. ती गेली असती तर तिच्या जागी दुसरं कुणी यायला वर्षं लागली असती, आणि तोवर चार इयत्ता माझ्या एकटीच्या गळ्यात पडल्या असत्या.

इथं बाहेरच्यांसाठी जरा खुलासा करते. शाळा म्हटलं की लोकांना एक वर्ग आणि एक शिक्षक दिसतो. आमची शाळा केंदूरच्या पलीकडे दगडमळा नावाच्या वस्तीवर. दोन खोल्या, चार इयत्ता, एकतीस मुलं आणि दोन बाया. पहिली-दुसरी अश्विनीकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पहिलीला 'क' शिकवताना दुसरी काय करते, या एका प्रश्नावर आमचा सगळा धंदा उभा आहे. दुसरीच्या हाताला काम नसेल तर ती आधी बोलते, मग भांडते, मग लघवीला जाते. एक गेला की आठ जातात. त्यातला एक परत येतच नाही, तो बोरीखाली सापडतो.

अश्विनीच्या खोलीत रोज हेच चालायचं. सकाळी अकरापर्यंत तिचा आवाज बसलेला असायचा. पण तिची टाचणवही बघावी! रोज काय शिकवणार ते आधी लिहून ठेवायची ही वही. अश्विनी आख्खा रविवार तिच्यावर घालवायची. उद्दिष्टं निळ्या शाईत, कृती हिरव्या, मूल्यमापन लाल. तासाची मिनिटंसुद्धा वाटून ठेवलेली. त्या वहीत दुसरीची मुलं कधी लघवीला जात नसत.

वही लिहून उरलेला रविवार मोबाईल खायचा. शाळेच्या आवारातली झाडं, जिवंत किती, मृत किती? हात धुताना मुलांचा फोटो, पण रविवारी. माहिती नसेल तर 'निरंक' म्हणून तरी पाठवा. अश्विनी पहिल्या मिनिटाला उत्तर पाठवायची, म्हणून आमचे गटशिक्षणाधिकारी साहेब पुढची माहिती पहिल्यांदा तिलाच मागायचे. चांगल्या बैलाच्या गाडीत ऊस जास्त भरतात, तसं.

त्या चहाच्या सुट्टीत मी तिला म्हणाले, "दिवाळीपर्यंत माझं ऐक. नाही जमलं तर अर्जावर तारीख मी माझ्या हातानं घालते."

पहिली गोष्ट, सोमवार शनिवारी उभा करायचा. आमची शनिवारी सकाळची शाळा असते. मुलं अकराला सुटतात आणि शिक्षक अकरा वाजून दोन मिनिटांनी गाडीला किक मारतात. मी तिला पाऊण तास थांबवू लागले. सोमवारचा फळा लिहायचा, पहिल्या तासाचं साहित्य टेबलावर मांडायचं, मग कुलूप. सोमवारी पंक्चर होऊन उशिरा आलीस तरी फळा वेळेवर शिकवायला लागतो.

दुसरी गोष्ट, टाचण तीन ओळींत. पाहणीला आलेले साहेब टाचणाची तारीख बघतात, सही करतात आणि पान उलटतात. हिरवी शाई आजवर कुणी वाचलेली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे गठ्ठे. रविवारी दोन तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. त्यात दुसरीच्या हाताला द्यायचं काम तयार करायचं आणि दिवसावार दोऱ्यानं बांधून ठेवायचं. यासाठी सरकारनं दिलेलं साहित्य कपाटात असतं. हरवलं तर भरून द्यावं लागतं, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मी लग्नपत्रिका वापरते. कापून मागच्या कोऱ्या बाजूला अंक, शब्द, वजाबाक्या. आणि पुढची बाजू तर वाचनाचा आयता धडा. आमच्या भागात पत्रिका म्हणजे पत्रिकाच: माननीय सरपंच, माननीय उपसरपंच, माननीय माजी उपसरपंच, कारखान्याचे संचालक, भावी संचालक. जोडाक्षरांचा इतका सराव पाठ्यपुस्तकात मिळत नाही. आमची मुलं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे वाक्य पहिलं वाचतात. नंतर 'कमल बघ'.

"आणि मॅडम, गठ्ठे सहा दिवसांचे ना?" अश्विनीनं वही उघडली.

"तीन दिवसांचे. बुधवारपर्यंत. गुरुवारपासून पुढचं मोकळं ठेवायचं."

"का?"

का, ते मला फुकट कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी दौंड तालुक्यात होते, पाटसच्या अलीकडच्या एका वस्तीवर. तेव्हा मी अश्विनीपेक्षा हुशार होते, म्हणजे सहा दिवसांचे गठ्ठे करायची. कार्तिकातल्या एका सोमवारी ऊसतोडीची टोळी फडावर उतरली आणि दारात नऊ मुलं येऊन उभी राहिली. पुस्तकं नाहीत, एकीच्या कडेवर भाऊ. मी त्यांना मागं बसवलं. त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं करायला हवं हे मला दिसत होतं. पण आख्खा रविवार घालून बांधलेले गठ्ठे समोर होते आणि ते वाया घालवायला माझा जीव होईना. 'पुढच्या रविवारी यांचं बघू,' म्हटलं. शुक्रवारपर्यंत नवातली दोन उरली. शनिवारी एकही नाही. सगळी फडावर गेली. माझा आठवडा अगदी ठरल्याप्रमाणे, शांत गेला. त्यांचं वर्ष गेलं.

हे मी अश्विनीला सांगितलं तेव्हा तिनं वही मिटली. त्यानंतर तिनं वही फारशी उघडली नाही.

दिवाळीनंतर ती परत आली. अर्ज पर्समध्येच होता, तारखेविना. नाताळापर्यंत तिच्या खोलीतला आवाज असा खाली आला की आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा एकदा खिडकीतून डोकावले. "सुट्टी हाय का काय आज?"

"नाही आप्पा, शाळा चालू आहे."

"मंग पोरं का गप हायती? आजारी हायती का?"

"काम करतायत."

"आयला," आप्पा म्हणाले आणि पायरीवर बसून तंबाखू मळू लागले. "आमच्या येळंला गुरुजीबी काम करत नव्हते."

जानेवारीत साहेबांनी सगळ्या मुख्याध्यापकांची सभा बोलावली. मुख्याध्यापक म्हणजे मीच, वेगळं कुणी नसतं. शाळा बुडवून सभेला जायचं आणि सभेचा विषय 'शाळांतील शिक्षकांची उपस्थिती'. साहेब अर्धा तास बोलले, आम्हाला भरायला तक्ते दिले आणि स्वतः शाळाभेटीला निघून गेले. कुठं, तर दगडमळ्याला.

तिथं अश्विनी एकटी. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं, एकतीस मुलं, प्रत्येकाच्या हातात काम. चौथीतली मुलं दुसरीच्या वजाबाक्या तपासत होती. साहेबांना चपला वाजवत आत यायची सवय. त्या शांततेत आवाज इतका मोठा झाला की त्यांनी त्या बाहेर काढल्या म्हणे. शेरेबुकात त्यांनी लिहिलं: 'सदर शिक्षिका एकट्या चारही इयत्ता अत्यंत शांतपणे हाताळतात. अनुकरणीय.'

अश्विनीनं त्या पानाचा फोटो मला पाठवला. मीही मूर्खासारखी खूष झाले. इतकी वर्षं नोकरी केली, पण कौतुक आलं की त्याच्या मागून काय येतं हे त्या दिवशी विसरले.

आठव्या दिवशी पत्र आलं. दगडमळा शाळेचं कामकाज एका शिक्षकावर सुरळीत चालत असल्याचं निदर्शनास आलं असून, मला पुढील आदेशापर्यंत टेकाडवाडीला कामगिरीवर पाठवण्यात येत आहे. कामगिरी म्हणजे पराक्रम नव्हे. नाव एका शाळेत आणि माणूस दुसऱ्या शाळेत, याला आमच्याकडे कामगिरी म्हणतात. टेकाडवाडीच्या गुरुजींची बदली होऊन गेली होती आणि तिथं चौदा मुलांपुढं कुणीच नव्हतं.

मी साहेबांकडे गेले.

"साहेब, त्या दिवशी मी तुमच्याच सभेत बसले होते."

"तेच म्हणतो मी, साळवे मॅडम. तुमच्यावाचून चाललं ना?"

"एक दिवस चाललं."

"जिथं एक दिवस चालतं तिथं वर्ष चालतं. आणि चांगल्याच माणसांना आम्ही जबाबदारी देतो. तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला काय सांगायचं?" साहेबांनी चहा मागवला. वाईट माणूस नव्हता. त्यांच्याकडे शाळा जास्त आणि माणसं कमी, आणि जिथं आरडाओरडा नाही तिथून माणूस उचलायचा, एवढं त्यांना कळत होतं. रडणाऱ्या शाळेला दोन शिक्षक आणि गप शाळेला एक. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण चालतं त्यावरच.

किल्ल्या देताना अश्विनी म्हणाली, "मॅडम, मी पोरांना गप बसवायलाच नको होतं."

"आता असं बोलू नकोस."

"मग काय बोलू? तुम्हीच शिकवलंत."

मी स्कूटी चालू केली.

पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तिला फोन करायची. पहिल्या आठवड्यात ती सविस्तर सांगायची. दुसऱ्यात 'चालू आहे मॅडम' एवढंच. तिसऱ्यात तिचा आवाज पुन्हा बसला. चार इयत्तांचे गठ्ठे दोन तासांत होत नाहीत. तिचा रविवार परत दिवसभराचा झाला होता, फक्त शाई बदलली होती. मी विचारलं, "अर्ज?" ती म्हणाली, "पर्समध्येच आहे. आज तारखेची जागा बघितली." मी 'थोडं थांब' म्हणाले. काय होईल म्हणून थांबायचं, ते मला सांगता आलं नाही.

त्या शनिवारी ग्रुपवर साहेबांचा संदेश आला: सोमवारी जिल्ह्याहून पाहुणे येत असून त्यांना 'शांत व आनंददायी शाळा' म्हणून दगडमळा दाखवण्यात येईल, तयारी ठेवावी. अशा वेळी आमच्यात काय करतात ते सांगते. रविवारी शाळा उघडतात, पताका लावतात, रांगोळी काढतात, मुलांकडून 'सुस्वागतम' घोकून घेतात. अश्विनीनं ग्रुपवर अंगठा पाठवला आणि फोन ठेवून दिला. मी तीन वेळा लावला, उचलला नाही.

सोमवारी दुपारी आप्पांचा फोन आला. ते इतके हसत होते की आधी मला वाटलं रडतायत.

"बाई, नुसता बाजार भरला हुता बाजार! तीन गाड्या आल्या. पाव्हणे उतारले. आत बघत्यात तर पयलीचं एक पोरगं बोंबलतंय, दुसरीची मारामारी, चवथी सतराचा पाढा वरडतीया. एक शेरडू वर्गात!"

"आणि अश्विनी?"

"उभी हाय की फळ्याम्होरं, खडू घिऊन. एका वर्गाला शिकवतीया, लई ब्येस शिकवतीया. बाकीचे तीन सुटल्याले. साहेब घामाघूम. त्यो मोठा पाव्हणा इचारतो, 'इथं दुसऱ्या शिक्षिका न्हाईत का?' साहेब शेरडू हाकलाया लागले. मंग म्याच म्हनलं, हायत्या की. ह्या साहेबास्नी इच्यारा, कुठं ठिवल्यात त्या."

संध्याकाळी अश्विनीनं फोन उचलला.

"काय केलंस तू?"

"काही नाही मॅडम," ती म्हणाली. "खरंच. रविवारी मी काहीच केलं नाही. सकाळी दहाला उठले, केस धुतले, मिसळ खाल्ली, झोपले. सोमवारी शाळेत गेले आणि पुस्तक उघडून शिकवलं. एका बाईनं चार इयत्ता शिकवल्या की जे होतं ते झालं. पाहुण्यांनी ते बघितलं."

"शेळी?"

"शेळी आपोआप आली."

"आणि अर्ज?"

"त्याच्या पाठीमागं चौथीला वजाबाक्या घातल्या. कागद एका बाजूनं कोरा होता."

तयारी कशी करायची हे मी तिला शिकवलं होतं. कधी करायची नाही, हे तिचं तिला सुचलं. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आमच्या पिढीनं शाळा फाटलेली दिसू नये म्हणून रविवारच्या रविवार तिला ठिगळं लावली, आणि वर बसलेल्यांना कायम धडधाकट शाळाच दिसली. त्याचा आम्हाला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता तो सांगताना मी जरा आवाज कमी करते.

शुक्रवारी माझी कामगिरी रद्द झाल्याचं पत्र आलं. शनिवारी सकाळी मी टेकाडवाडीला शेवटची गेले. चौदाही मुलं आली होती. चार आठवड्यांत त्यांतली नऊ पत्रिका वाचू लागली होती. अकराला शाळा सोडली आणि कुलूप लावत होते, तेव्हा तिसरीतल्या वैशालीची आई पायरीशी येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी चालला म्हनं."

"हो. पत्र आलंय."

"मंग सोमवारपास्नं कोन येनार?"

"पाठवतील कुणाला तरी."

"कवा?"

"लवकरच."

"तुमच्या आधीच्या गुरुजींनीबी असंच सांगितलं हुतं," ती म्हणाली. रागानं नाही, मला माहिती असावी म्हणून. वैशालीच्या पाठीवरचं दप्तर तिनं काढून आपल्या खांद्याला अडकवलं. "ते ऱ्हाऊ द्या. मला एवढंच सांगा, सोमवारी पोरीला शाळंत धाडू का शेरडांमागं?"

"शाळेत पाठवा," मी म्हणाले. सत्तावीस वर्षांत शेकडो पत्रकं मी खोटी भरली, पण इतक्या ठाम आवाजात कधी भरली नव्हती.